सतरा नंबरचा जोड

दगड कापणाऱ्याच्या हातात शेवटी दगड फार थोडा उरतो. मुठीएवढा तुकडा येतो, त्याची फोड निघते, फोडीची चकती होते, आणि ती काचेवर चिकटवून घासत गेले की अखेरीस जे राहते त्यातून खालच्या वर्तमानपत्राची अक्षरे वाचता येतात. जाडी म्हणाल तर मिलिमीटरच्या शंभर भागांतले तीन भाग. इथवर आला की दगड आपला हेका सोडतो आणि उजेडाला वाट देतो. भूशास्त्र विभागात या कामाला 'काप काढणे' म्हणत, आणि तेहेतीस वर्षे ते करत आलेल्या माणसाला सगळे कापकाका म्हणत. त्यांचे खरे नाव हजेरीपत्रकावर होते. तिथून ते तळघरापर्यंत कधी उतरले नाही.

तळघरातल्या कार्यशाळेला छताला लागून दोन लांबट खिडक्या होत्या. त्या रस्त्याच्या पातळीवर उघडत, त्यामुळे त्यांतून फक्त पाय दिसत. काकांना विभागातली माणसे चेहऱ्याआधी पादत्राणांवरून कळत. कोण घाईत आहे, कोणाच्या टाचेला फोड आला आहे, कोण पायऱ्यांपर्यंत येऊन परत फिरले, हे सारे त्यांना बसल्या जागी समजे. खाली मात्र येणारे थोडे. हिऱ्याच्या कडेचे करवतचाक, त्यावर धरलेली पाण्याची धार, खाली गाळ साठवणारी पत्र्याची पन्हळ, घासपुडीने पांढरी झालेली जाड काच, चिकटद्रव सुकवायची तापती पट्टी आणि कोपऱ्यातला जुना सूक्ष्मदर्शक, एवढ्यांच्या संगतीत दिवस जाई. काका चाकाशी बोलत. "आज रडतोयस का रे?" असे विचारून धार थोडी वाढवत, आणि चाकाचा सूर खरोखरच बदले.

जाडी मोजायला त्यांना यंत्र लागत नसे. काप भिंगाखाली धरून ते गारगोटीचा कण शोधत. तो पिवळसर दिसला तर काप अजून जाड. राखाडी-पांढरा झाला की हात थांबवायचा. त्यापुढे दोन फिरक्या जास्त झाल्या तर दगड काचेवरून नाहीसा होतो आणि मागे नुसता गोंद राहतो. अशी फजिती त्यांच्या हातून सुरुवातीच्या वर्षात तीनदा झाली. पुढे नाही.

पण काप नुसता पातळ असून भागत नाही. त्याला दिशा असावी लागते. डोंगरातून दगड काढण्यापूर्वी संशोधक त्याच्या अंगावर रंगाने बाण काढतात: हे टोक उत्तरेला, ही कड आभाळाकडे. तळघरात दगड कापला, की तो बाण दोनपैकी एकाच अर्ध्यावर राहतो. दुसऱ्या अर्ध्याची चकती करायची आणि तिच्या एका कोपऱ्यात, आभाळाची कड व बाणाच्या टोकाची बाजू जिथे मिळतात नेमके तिथे, कानशीने बारीक खाच पाडायची. डोंगर आणि काच यांच्यामधला निरोप एवढ्याच खाचेवर अवलंबून. चकती तळहातावर नकळत पालथी झाली तर खाच शेजारच्या कोपऱ्यात पडते. मग उत्तर म्हणजे दक्षिण होते, आणि भिंगाखाली बघणाऱ्याला त्याचा पत्ता लागत नाही.

म्हणून काकांनी स्वतःपुरता एक नियम केला होता. बाण असलेला अर्धा, ज्याला ते 'जोड' म्हणत, कधी टाकायचा नाही. पत्र्याच्या डब्यांत, नंबर घालून, ओळीने ठेवायचा. उद्या कापाबद्दल शंका आली तर जोड बोलेल. ही शिस्त घरीही उतरली होती. कपांचे कान एका बाजूला, चमच्यांचे दांडे एका बाजूला. बायको म्हणे, "मी झोपले तरी बघता की काय, डोकं उत्तरेला आहे का ते?"

"तुझी खाच सापडत नाही अजून," काका म्हणत.

"सापडायची पण नाही. कानस लांब ठेवा."

ती असताना त्या घरात हसणे पुष्कळ होते.

बाई विभागात आल्या तेव्हा काकांच्या नोकरीला बारा वर्षे होत आली होती. काकांनी त्यांना आधी खिडकीतून पाहिले: झिजलेले डोंगरी बूट, एका बुटाची नाडी तांबडी, दुसऱ्याची काळी. ते बूट पायऱ्यांपाशी घुटमळले नाहीत. सरळ खाली आले. बाई प्रस्तरांच्या हालचालींवर काम करणाऱ्या अध्यापिका होत्या, आणि आपल्या दगडाचे पुढे काय होते ते पाहायला तळघरात येऊन बसणारे विभागातले त्या पहिले माणूस.

एकदा त्यांनी पन्हळीत बोट बुडवले. "काका, हा गाळ फेकता तुम्ही?"

"मग काय त्याची भांडी घडवू?"

"आज नका फेकू. दोन लाकडी पट्ट्या द्या."

त्यांनी घट्टसर गाळ काचेवर पसरला, त्यावर कोरडी पूड भुरभुरली आणि दोन्ही बाजूंनी पट्ट्यांनी सावकाश रेटायला सुरुवात केली. गाळाला घड्या पडल्या, मध्ये उंचवटा आला, वाढत गेला. "हा झाला डोंगर. हे तर शाळेतलं पोरही सांगेल. आता माथ्याकडे बघा. मी ढकलायची थांबलेली नाही."

माथ्यावर आडवी भेग उघडली. मग दुसरी. वरच्या पुडीच्या थराचा एक पापुद्रा सुटून मागच्या उतारावरून हळूच खाली घसरला.

"तुम्ही जोर कमी केलात," काका म्हणाले.

"बरं. तुम्ही ढकला."

काकांनी ढकलले. पुन्हा तेच. त्यांना कोणीतरी हातोहात फसवल्यासारखे वाटले. "दोन्हीकडून दाबतोय, तर ते फाटतं कसं? चिणायला पाहिजे."

"चिणलंच की. चिणूनच उंच झालं. पण उंची वाढली की स्वतःचा भार पेलवेनासा होतो. वरचं कवच थंड, ताठ. खोलात गरम असतं, तिथला दगड मऊ पडतो आणि भाराखाली वाहायला बघतो. पायथ्याशी रेटा चालूच, आणि माथा आपल्याच वजनानं पसरायला लागतो. एकाच डोंगरात, एकाच काळात, खाली आखडणं आणि वर ताणलं जाणं."

"म्हणजे कोसळतो?"

"कोसळत नाही हो, बसतो. बसायला लाखो वर्षं घेतो. वरची लादी प्रस्तरभंगावरून, म्हणजे दगडातल्या मोठ्या भेगेवरून, मागे घसरते, आणि तिच्याखाली दडलेला खोलातला दगड उघडा पडतो. बघा, हा."

पापुद्रा जिथून निसटला होता तिथे आतला ओला, काळा गाळ चमकत होता.

घरी जाऊन काकांनी हे बायकोला सांगितले, तर ती म्हणाली, "यात नवल ते काय? तुमच्या पोटाचं तेच झालंय. पट्टा आवळला की पट्ट्याच्या वरून पसरतं." काका दुसऱ्या दिवशी हे बाईंना सांगायला विसरले नाहीत. बाईंनी ते आपल्या वहीत लिहून घेतले आणि म्हणाल्या, यापेक्षा बरी व्याख्या त्यांना अजून सुचलेली नाही.

गाळात दिसते ते खऱ्या डोंगरात दाखवणे मात्र अवघड होते. त्या काळी विभागात सगळ्यांचे एकच मत होते: डोंगर रेट्याने उठतो, तेव्हा त्यातली प्रत्येक सरक ही चढती असणार; ताणाचे काम सुरू होते ते रेटा संपल्यावर. बाईंचे म्हणणे होते की उत्तरेकडच्या मोठ्या रांगेत, माथ्याजवळच्या एका पट्ट्यात, वरचा दगड उतरत्या दिशेने मागे गेला आहे, आणि तोही पायथ्याचा रेटा चालू असतानाच. त्या पट्ट्याचा दगड ठिसूळ होता. आणलेल्या अकरा तुकड्यांपैकी दहा करवतीखालीच भुगा झाले. टिकला तो एकच, बाईंच्या यादीतला सतरा नंबर. त्यात अभ्रकाचे कण होते, सरकण्याच्या ओढीने निमुळते झालेले, एका बाजूला कललेले. बाई त्यांना मासे म्हणत. मासे कुठल्या बाजूला कलले आहेत त्यावरून वरचा दगड कुठे गेला ते कळते.

सतरा नंबरचा काप काकांनी ज्या दिवशी केला, त्याच दिवशी तळघरातला टेलिफोन वाजला. चकती हातात होती, कानस दुसऱ्या हातात. फोन दवाखान्यातून होता: तुमच्या पत्नीच्या तपासणीचे निष्कर्ष आले आहेत, लगेच या. त्यांनी चकती टेबलावर ठेवली आणि गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी येऊन ती उचलली, खाच पाडली, चिकटवली, घासली. मासे बाईंच्या बाजूने कलले होते. बाई टाळी वाजवून हसल्या. काकांना त्या हसण्यात भाग घेता आला नाही, आणि बाईंनी कारण विचारल्यावर त्यांनी पहिल्यांदा दवाखान्याचे सांगितले.

पुढच्या महिन्यात विभागप्रमुखांच्या खोलीत बैठक बसली. बाईंचा निबंध बाहेर पाठवायचा की नाही, याचा निर्णय होता. विभागप्रमुख जाणता माणूस होता, कापांच्या खाचांबद्दल त्यांना सगळे ठाऊक होते, आणि सतराच्या दिवशी आलेल्या फोनचेही कानावर आले होते. त्यांनी काकांना वर बोलावून घेतले.

"खाच पाडण्याआधी फोन आला की नंतर?"

"आधी, साहेब."

"चकती कुठे होती मग?"

"टेबलावर. रात्रभर."

"सकाळी उचलली तेव्हा तीच बाजू वर होती, हे खात्रीनं सांगता येईल?"

काकांना टेबल आठवत होते. कानस आठवत होती. चकती कशी होती ते मात्र आठवत नव्हते. त्या सकाळचे त्यांना काहीच धड आठवत नव्हते. "उलटलीही असेल," ते म्हणाले. "होऊ शकतं, साहेब."

"एका कापावर डोंगराची रीत बदलायची, आणि तोही असा," विभागप्रमुख बाईंकडे वळून म्हणाले.

बाई मात्र निर्धास्त होत्या. "जोड असेल ना काका? त्याच्यावर बाण आहे. नवा काप काढा, दोन दिवसांत कळेल."

वर्षभरापूर्वी परिपत्रक निघाले होते: जागेअभावी कापून उरलेले दगड तत्काळ टाकून द्यावेत. त्याखाली काकांनी 'कार्यवाही केली' असे लिहून सही ठोकली होती, आणि डबे जिन्याखालच्या बोळकांडीत सरकवून पुढे जुनी कपाटे लावली होती. खोटी सही म्हणजे चौकशी, कदाचित घरी बसणे. आणि बायकोचे सगळे औषधपाणी त्या नोकरीवर चालले होते. विभागप्रमुखांची नजर त्यांच्या तोंडावर होती.

"टाकून दिला, बाई," ते म्हणाले. "परिपत्रकाप्रमाणे."

बाईंनी त्यांच्याकडे क्षणभर पाहिले आणि वही मिटली.

पट्ट्याकडे पुन्हा जाण्याची सोय उरली नव्हती. त्या पावसात दरड उतरून तो सगळा कडाच खाली गेला होता. निबंध परत घेतला गेला. वर्ष संपायच्या आत बाई दूरच्या एका गावी शाळेत शिकवायला निघून गेल्या. तांबडी नाडी आणि काळी नाडी शेवटची खिडकीवरून गेली तेव्हा ते बूट पायऱ्यांपाशी थांबले होते, हे काकांनी पाहिले. पण खाली कोणी आले नाही, आणि वर कोणी गेले नाही.

बायको दोन महिन्यांनी गेली. आता लपवायला कारण राहिले नाही, उद्या जोड काढू, असे काकांनी ठरवले. पण उद्या काढला असता तर दोनच गोष्टी संभवत होत्या: एक तर आपल्या हातून चूक झाली होती, किंवा चूक झालेली नसताना आपण ती झाली असेल असे म्हणालो, वर खोटेही बोललो. यातले अधिक वाईट कुठले ते त्यांना ठरवता येईना. त्या उद्याला एकोणीस वर्षे लागली.

मधल्या काळात जगात इतरांनी, इतर डोंगरांत, तेच दाखवून दिले. रेटा चालू असतानाच भूकवच माथ्याशी प्रसरण पावते, हे पाठ्यपुस्तकात आले, परीक्षेला आले. विद्यार्थी तळघरात चहा पीत त्यावर बोलत. "काका, तुम्हाला सांगतो, डोंगर दबतो आणि ताणलाही जातो, एकाच वेळी! डोकं चालत नाही ना?"

"नाही बाबा चालत," काका म्हणत.

घरात दोन खुर्च्या होत्या. एकीवर ते बसत, दुसरीवर वर्तमानपत्र बसे. लेक लग्नानंतर परदेशी गेली होती. ती दर रविवारी फोन करी, आणि तिच्या खिडकीत सकाळ असे तेव्हा यांच्या खिडकीत संध्याकाळ. "बाबा, आता निवृत्त झाल्यावर इकडे या. तिथे एकटे काय करणार?"

"भांडी घासीन. घासायची सवय आहे."

"विनोद पुरे. आवाज असा का येतोय?"

"पूड गेली असेल घशात."

पूड घशात जावी असे काम आता महिन्यातून एकदाच निघे. काप काढायचे स्वयंचलित यंत्र वरच्या मजल्यावर आले होते, आणि काकांची निवृत्ती व तळघर रिकामे करणे या दोन्हींची तारीख विभागाने सोयीसाठी एकच धरली होती: शुक्रवार. सोमवारी नवे विभागप्रमुख खाली उतरले, कपाटे हलवून घेतली, आणि मागचे डबे पाहून थक्क झाले. एकावर एक, भिंतीच्या शेवटापर्यंत.

"काका, हे काय? दगडांचं अनाथालय चालवत होतात की काय?"

"जोड आहेत, सर. कापांचे."

"सगळे?"

"सगळे."

"कमाल आहे. बरं, गुरुवारी गाडी येईल, भरून द्या." परिपत्रक त्यांच्या आधीचे होते, त्यांना त्याची कल्पनाही नव्हती. ज्या गोष्टीच्या भीतीने काकांनी एका माणसाचे काम बुडवले, ती शिक्षा द्यायला आता जगात कोणी शिल्लक नव्हते.

सतराचा डबा शोधावा लागला नाही. तो एकच डबा असा होता की ज्याचे लेबल भिंतीकडे केलेले होते.

दगड आत होता तसाच होता. तांबड्या रंगातला बाण, टोकाशी बाईंच्या तिरप्या अक्षरात 'उ', आणि वरच्या कडेला आभाळाची खूण, एक छोटे वर्तुळ. मंगळवारी सकाळी काकांनी चाक सुरू केले. जोडाची एक कड कापली, बाण राखला. चकती हातात घेतल्यावर ती त्यांनी खाली ठेवली नाही. टेबलावरच्या फोनची तार आधीच काढून ठेवली होती. बाण समोर ठेवून, दोन वेळा ताडून, खाच पाडली. चिकटवली. बुधवारी घासायला बसले. गारगोटी पिवळी, मग फिकट, मग राखाडी-पांढरी. हात थांबला. वरच्या संग्रहातून एकोणीस वर्षांपूर्वीचा काप मागून आणला होता; तो आधी भिंगाखाली ठेवला, मग नवा.

मासे दोन्हींत एकाच बाजूला कलले होते. उत्तरेला, उताराकडे, मागे. त्या दिवशी टेबलावर चकती उलटली नव्हती. त्या सकाळी, डोक्यात दवाखाना असताना, त्यांच्या हातांनी आपले काम चोख केले होते. शब्द कचरला होता, तो वरच्या मजल्यावर.

खिडकीवरून पाय जात होते. काका उठले आणि जुने कागद चाळायला लागले.

बाईंच्या शाळेचा नंबर जुन्या पत्रव्यवहारात सापडला. शाळेने घरचा दिला. काकांनी फोनची तार पुन्हा जोडली.

"बाई, मी कापकाका बोलतोय."

पलीकडे नळ चालू होता. तो बंद झाला. "अजून तळघरातच?"

"शुक्रवारपर्यंत."

"बोला."

"सतराचा जोड होता माझ्याकडे. तेव्हाही होता. मी खोटं बोललो." ते न थांबता पुढे बोलत गेले. "काल कापला, आज घासला. मासे तुम्ही म्हणाला होतात त्याच बाजूला आहेत. जुनी खाच बरोबर होती. चुकलो, बाई."

"हो," बाई म्हणाल्या.

त्या रागावतील, याची काकांनी तयारी ठेवली होती. रडतील, फोन ठेवतील, याचीही. बाईंनी विचारले, "कालची चकती. खाच पाडली तेव्हा बाण समोर होता?"

"समोर होता. दोनदा ताडला."

"आणि उत्तर काय यायला हवं, ते तुम्हाला ठाऊक होतं."

"होतं."

"मग तो काप चालणार नाही. हवं ते उत्तर ज्याला माहीत आहे त्याच्या हाताची साक्ष मी विद्यार्थ्याकडूनही घेतली नसती. जोड किती उरलाय?"

"अर्ध्याहून जास्त. बाण शाबूत आहे."

"न कापता पाठवा. इथल्या कॉलेजात एकाकडे करवत आहे, त्याला मी काही सांगणार नाही. तो कापेल, तो खाच पाडेल. एकदा तुमच्या शब्दावर माझं काम आडवं झालं, काका. आता तुमच्याच शब्दावर ते उभं करणं मला जमायचं नाही."

"बरोबर आहे."

"तुम्हाला पटावं म्हणून नाही सांगत."

"नाही, बाई."

पत्ता त्यांनी सावकाश सांगितला. काकांनी घासपुडीच्या पाकिटावर लिहून घेतला. मग कोणीच फोन ठेवला नाही.

"तेव्हा तुमच्या घरी... त्या..."

"गेली. दोन महिन्यांनी."

"कळलं होतं मला. पत्र लिहायला घेतलं होतं. अर्धं लिहिलं." बाईंच्या आवाजात प्रथमच काही हलले. "पट्ट्यावरून पोट पसरतं, ते मी अजून मुलांना सांगते. कोणाचं वाक्य, ते सांगत नाही."

"तिचंच," काका म्हणाले. पण तोवर नळ पुन्हा सुरू झाला होता, आणि फोन ठेवला गेल्याचा आवाज आला.

गुरुवारी गाडी आली. काकांनी डबे स्वतः भरून दिले. हमाल म्हणाला, काका, तुम्ही कशाला, तर म्हणाले, मला क्रम माहीत आहे. क्रम बिघडण्याने आता काही बिघडणार नव्हते, तरीही एकापाठोपाठ एक नंबर गेले. ओळीत एकच जागा मोकळी होती.

शुक्रवारी निरोपाचे चार शब्द बोलले गेले. मग काका पुडके घेऊन टपाल कचेरीत गेले. दगड त्यांनी जुन्या सदऱ्यात गुंडाळून खोक्यात बसवला होता, आणि सवयीने खोक्यावर बाण काढून लिहिले होते: 'ही बाजू वर'.

टपाल खिडकीमागच्या मुलीने वजन पाहून भुवई उडवली. "काच आहे का आत?"

"नाही. दगड."

"दगड? भांडण-बिंडण आहे की काय कोणाशी?"

"होतं. अजून मिटलेलं नाही."

ती हसली. "बरं. आणि दगडाला वरची बाजू कसली हो काका?" असे म्हणत तिने शिक्का मारण्यासाठी खोके पालथे केले, आणि तसेच मागच्या पोत्यात टाकले.

काकांचा हात खिडकीतून आत गेला होता. तो त्यांनी मागे घेतला. खोक्यावरची खूण त्यांची होती, ती कितीही फिरली तरी हरकत नव्हती. आतल्या दगडावरचा बाण बाईंनी डोंगरावर उभ्या राहून काढला होता. पोत्यात, गाडीत, कोणाच्याही टेबलावर तो कसाही पडो, तो उत्तरेकडेच बोट दाखवणार होता. खाच आता दुसऱ्याच कोणाच्या हातून पडायची होती. निकाल कळवीन, असे बाई म्हणाल्या नव्हत्या, आणि विचारण्याचा हक्क आपल्याला उरलेला नाही हे काका जाणून होते.

घराकडे जाताना रस्ता विभागावरूनच होता. तेहेतीस वर्षे ते मागच्या दाराने तळघरात उतरत आले. खिडक्यांच्या या बाजूने चालण्याचा प्रसंग क्वचितच आला होता. पदपथाला टेकलेल्या दोन लांबट काचांपाशी ते थांबले. आत दिवा नव्हता. चाक झाकलेले, पन्हळ कोरडी. काचेत त्यांच्या चपलांचे प्रतिबिंब दिसत होते, डाव्या पायाची टाच थोडी जास्त झिजलेली. आतून त्या चपला ओळखणारे आता कोणी नव्हते.